रोजचा चमचा आणि ताजा कलम

प्रश्न: माझं वय ५४, वजन ६२ किलो. चार वर्षांपासून मधुमेह आहे, टाइप २. मेटफॉर्मिन ५०० सकाळ-संध्याकाळ आणि कोलेस्टेरॉलसाठी रात्री एक स्टॅटिनची गोळी चालू आहे. पाच महिन्यांपूर्वी एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून रोज सकाळी कोमट पाण्यात सपाट चमचाभर दालचिनीची पूड घ्यायला लागले. त्याच सुमारास संध्याकाळी चालणंही सुरू केलं. उपाशीपोटीची साखर १४८ वरून १२६ वर आली! एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ७.६ होतं, आता ७.५ आहे. आता गोळ्या बंद करून नुसत्या दालचिनीवर राहिले तर चालेल का? बहिणीने दालचिनीच्या कॅप्सूलही पाठवल्यात, ५०० मिलिग्रॅमच्या, दिवसाला चार घ्यायच्या. त्या पुडीपेक्षा बऱ्या, की दोन्ही घेऊ? यांनाही सुरू करावी म्हणते. यांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे, रक्त पातळ ठेवायला वॉरफेरिन चालू आहे. शेवटी स्वयंपाकघरातलीच वस्तू, अपाय तर नाही ना होणार?

ता. क. या वेळच्या रक्ततपासणीत एसजीपीटी ७१ आलंय. डॉक्टर म्हणाले फॅटी लिव्हर असेल, तीन महिन्यांनी परत बघू. त्यांच्याकडे दालचिनीचं काही बोलले नाही, उगीच हसतील.

उत्तर: ताई, तुमच्या पत्रातल्या सगळ्यात मोलाच्या ओळी तुम्ही ताजा कलमात ढकलल्यात. सगळं पत्र साखरेबद्दल आहे, पण वाचून झाल्यावर माझं बोट पुन्हा पुन्हा तळाकडेच जातंय. यकृताला त्रास झाला की रक्तात वाढणारं एसजीपीटी ७१, आणि दालचिनीबद्दल डॉक्टरांना पत्ता नाही.

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. मेटफॉर्मिन बंद करायचं नाही. सकाळचा चमचा उद्यापासून थांबवायचा. कॅप्सूलच्या बाटलीचं झाकण उघडायचं नाही. यजमानांना दालचिनी औषध म्हणून अजिबात द्यायची नाही. आणि डॉक्टरांना याच आठवड्यात सांगायचं, तीन महिने थांबायचं नाही.

तुमचा विरस झाला असणार. पाच महिने नेमाने एखादी गोष्ट करणं सोपं नसतं, आणि आकडा खाली आलेला दिसला की त्या चमच्यावर जीव जडतो. माझं मसाल्यांशी काही वैर नाही. औषधनिर्माणशास्त्र शिकवण्यात माझी तीसेक वर्षं गेली, आणि फळ्यावर जी औषधं लिहायचे त्यांतल्या कितीतरींचं मूळ झाडपाल्यातच होतं. तुम्ही जी गोळी सोडायला निघालात तिचीच गोष्ट घ्या. गॅलेगा ऑफिसिनॅलिस नावाचं, जांभळट फुलांचं एक झुडूप युरोपात जुन्या काळापासून औषधी म्हणून वापरात होतं. त्यात साखर उतरवणारं एक द्रव्य निघालं, पण ते विषारी. ते झुडूप खाऊन मेंढ्या दगावतात. मग त्याच्या जवळपासची, पण माणसाला सोसतील अशी रेणूंची घडण शोधली गेली. मेटफॉर्मिन प्रयोगशाळेत पहिल्यांदा तयार झालं १९२२ मध्ये, आणि फ्रान्समध्ये झाँ स्टर्न यांनी रुग्णांवरच्या वापराबद्दल लिहिलं १९५७ मध्ये. म्हणजे तुमच्या हातात ‘नैसर्गिक’ आणि ‘केमिकल’ असे दोन पर्याय नाहीतच. दोन्हींचं गोत्र एकच. एकाची मात्रा मोजलेली आहे, दुष्परिणाम लिहून ठेवलेले आहेत. दुसऱ्याचं तुम्ही चमच्याने चालवलंय.

तर चमच्याकडे वळू.

दालचिनी या एका नावाखाली दोन वेगळ्या झाडांच्या साली विकल्या जातात. एक श्रीलंकेची, जिला सिलोन दालचिनी किंवा खरी दालचिनी म्हणतात. दुसरी कॅसिया. ती चीन, इंडोनेशिया, व्हिएतनाम इथल्या, त्याच कुळातल्या पण निराळ्या झाडांची. डब्यात अख्खी साल असेल तर एक तुकडा हातात घेऊन बघा. कॅसियाची साल जाड, लाकडासारखी टणक, तांबूस तपकिरी. एकच थर, दोन्ही कडांनी आत वळलेला. मोडायला जोर लागतो, आणि वास नाकात घुसतो. सिलोनची साल कागदासारखी पातळ, फिकट. एकात एक गुंडाळलेले कितीतरी पापुद्रे, आडवी कापली तर आत वळ्याच वळ्या. बोटांनी दाबली की चुरा होतो. वास सौम्य, थोडा गोडसर. एकदा दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या की पुन्हा चुकायला होत नाही. पण पूड झाली की संपलं. रंगावरून, वासावरून कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. पाकिटावर ‘सिलोन’ असं लिहिलेलं नसेल तर ती कॅसिया समजून चालावं, कारण जगाच्या बाजारात तीच जास्त खपते आणि तीच स्वस्त असते.

हा फरक महत्त्वाचा का? कॅसियात कुमारिन नावाचं एक द्रव्य भरपूर असतं. सिलोनमध्ये ते नावापुरतंच. वाळलेल्या गवतासारखा, व्हॅनिलाकडे झुकणारा गोड वास कुमारिनचा. एकेकाळी सुवासासाठी ते खाद्यपदार्थांत घालत. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने यकृताला इजा होते असं दिसल्यावर अमेरिकेने १९५४ मध्ये ते अन्नात मिसळायला बंदी केली. पुढे लिम्फेडेमा म्हणजे हातापायाच्या चिवट सुजेवर कुमारिनच्या गोळ्या देऊन पाहिल्या, तेव्हा काही रुग्णांच्या यकृताला त्रास झाला. सगळ्यांच्या नव्हे, थोड्यांच्या. पण ते थोडे कोण हे आधी ओळखता येत नाही. हीच खरी अडचण आहे.

युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २००४ मध्ये कुमारिनची मर्यादा घालून दिली आणि २००८ मध्ये पुन्हा तपासून तीच कायम ठेवली: शरीराच्या दर किलोमागे दिवसाला ०.१ मिलिग्रॅम. तुमचं वजन ६२ किलो. म्हणजे दिवसाला ६.२ मिलिग्रॅम.

आता चमचा. सपाट भरलेल्या छोट्या चमच्यात साधारण अडीच ग्रॅम दालचिनी पूड मावते. कॅसियातलं कुमारिन झाडागणिक बदलतं, पण सरासरी धरायची तर ग्रॅममागे ३ मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे तुमच्या सकाळच्या पाण्यात रोज सुमारे साडेसात मिलिग्रॅम. मर्यादेच्या वर, फार नाही पण वर. आणि हा हिशेब चमचा खरोखर सपाट असेल तर. वर्गात मी मुलांना ‘एक चमचा’ पूड काढून तराजूवर टाकायला सांगायचे. कुणाचा चमचा दोन ग्रॅमचा निघे, कुणाचा चारच्या घरात, आणि सगळे शपथेवर सांगायचे की सपाटच होता. त्यात तुम्ही गाळून पित नाही, गाळासकट पिता. सालीत अडकलेलं कुमारिन पोटात सुटत नाही अशी पळवाटही नाही, ते बऱ्यापैकी शोषलं जातं.

घाबरू नका. ही मर्यादा आयुष्यभर रोज घेतलं तरी चालेल या बेताने आखलेली असते. आठवडा-दोन आठवडे ती ओलांडली गेली म्हणून काही बिघडत नाही, असं त्याच प्राधिकरणाने म्हटलंय. तुम्ही मात्र पाच महिने एकही दिवस न चुकता ती ओलांडलीत. वाढदिवसाच्या केकमध्ये दालचिनी खाणारा माणूस आणि तुम्ही, यांत फरक आहे तो नेमाचा.

मग ७१ हा आकडा दालचिनीमुळे आला का? तसं मी म्हणणार नाही, म्हणताही येणार नाही. तुमच्या डॉक्टरांचा अंदाज अगदी रास्त आहे. मधुमेह असलेल्यांमध्ये फॅटी लिव्हर इतकं सर्रास आढळतं की पहिला संशय तिथेच जायला हवा. स्टॅटिननेही एसजीपीटी थोडं वाढू शकतं. पण त्यांनी अंदाज बांधला तो त्यांच्यासमोर असलेल्या माहितीवर. तिसरा संशयित तुमच्या डब्यात होता, आणि त्याचं नाव तुम्ही त्यांना सांगितलंच नाही. त्यामुळे आता पुढे काय होऊ शकतं बघा. तीन महिने तुम्ही चमचा चालू ठेवाल. आकडा तसाच राहील किंवा चढेल. डॉक्टर कदाचित सोनोग्राफी सांगतील, कदाचित स्टॅटिन बंद करतील. म्हणजे हृदयाला जपणारी गोळी बंद, आणि जिच्यावर कुणाचंच लक्ष नाही ती पूड चालूच. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय नोंदीत स्टॅटिन घेणाऱ्या ७३ वर्षांच्या एका बाईंनी दालचिनीच्या कॅप्सूल सुरू केल्या आणि आठवड्याभरात पोटदुखी-उलट्यांनी त्यांना रुग्णालय गाठावं लागलं. निदान झालं यकृतदाहाचं. दोन्ही बंद केल्यावर त्या बऱ्या झाल्या, आणि नंतर स्टॅटिन पुन्हा सुरू केलं तेव्हा काही त्रास झाला नाही. एका नोंदीवरून नियम बांधता येत नाही. पण डॉक्टरांना सांगायला ती पुरेशी आहे.

कुमारिनने यकृतावर ताण आलाच असेल, तर ते थांबवल्यावर तो बहुतेक वेळा उतरतो. म्हणून चमचा थांबवणं हीच तुमची तपासणी. सहा ते आठ आठवड्यांनी एसजीपीटी पुन्हा करा, नेमकं कधी ते डॉक्टर ठरवतील. उतरलं तर बरंच काही कळेल. नाही उतरलं तर दालचिनीवरचा संशय कमी होईल आणि फॅटी लिव्हरचा नीट मागोवा घेता येईल. या काळात दुसरं काही ‘नैसर्गिक’ सुरू करू नका, नाहीतर पुन्हा गुंता. आणि लघवी गडद व्हायला लागली, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली, उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, अन्नावरची वासना उडाली, तर आठवडे मोजत बसायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

आता साखर. तुम्हाला उत्सुकता होती ती याचीच.

दालचिनीची एवढी हवा झाली ती २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासामुळे. पाकिस्तानात टाइप २ मधुमेहाच्या ६० रुग्णांवर तो झाला. निम्म्यांना दालचिनी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण दालचिनी नसलेली, म्हणजे ‘पोकळ’ कॅप्सूल. दालचिनीवाल्यांत कुणाला दिवसाला १ ग्रॅम, कुणाला ३, कुणाला ६. चाळीस दिवसांनी उपाशीपोटीची साखर १८ ते २९ टक्क्यांनी उतरली. आकडे डोळे दिपवणारे होते, आणि तेव्हापासून तेच फिरतायत. पण त्यातली एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकते: १ ग्रॅमवाल्यांचं आणि ६ ग्रॅमवाल्यांचं जवळपास सारखंच उतरलं. औषध सहापट दिलं आणि गुण तेवढाच, तर औषधशास्त्राच्या माणसाच्या भुवया वर जातात. चूकच असेल असं नाही, पण पुन्हा करून पाहावं असं नक्कीच वाटतं.

पुन्हा करून पाहिलं गेलं, अनेकदा. कुठे गुण दिसला, कुठे काहीच नाही. २०१२ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १० चाचण्या, एकूण ५७७ रुग्ण, एकत्र तपासले. एचबीए१सीमध्ये दालचिनी आणि पोकळ गोळी यांत म्हणण्यासारखा फरक सापडला नाही, आणि मधुमेहासाठी दालचिनी सुचवावी एवढा पुरावा नाही असा निष्कर्ष निघाला. पुढच्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या एका आढाव्यात, १० चाचण्या आणि ५४३ रुग्ण, उपाशीपोटीची साखर सरासरी २४ ते २५ मिलिग्रॅमने उतरलेली दिसली. एचबीए१सी मात्र तिथेही हललं नव्हतं.

हे दोन आकडे तुमच्या रिपोर्टशेजारी ठेवा. उपाशीपोटी १४८ वरून १२६, म्हणजे २२ ने खाली. एचबीए१सी ७.६ वरून ७.५. तोच नमुना!

उपाशीपोटीची साखर म्हणजे एका सकाळचा एक फोटो. आदल्या रात्री काय खाल्लं, झोप लागली का, आजारपण होतं का, मन कशाने खट्टू होतं, सगळं त्यात येतं. त्याच माणसाची दोन लागोपाठच्या सकाळची साखर १०-१५ ने मागेपुढे होऊ शकते. एचबीए१सीचं तसं नाही. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, आणि त्या काळात त्यांच्यावर साखर चढत जाते. तो आकडा म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांचं खातं. तुमचं खातं सांगतंय की पाच महिन्यांत सरासरी साखर जवळजवळ तिथल्या तिथेच आहे. ०.१ चा फरक तर तपासणीच्या चुकीतही बसतो. गोळ्या चालू असतानाही ७.५ आहे. बंद केल्या तर ते खातं कुठे जाईल हे मला बघायचं नाही.

आणि चालणं! ते तुम्ही अर्ध्या ओळीत उरकलंत. पाच महिन्यांपूर्वी दोन गोष्टी एकदम सुरू केल्यात, एक पाण्यात ढवळायची आणि एक पायांनी करायची, आणि सगळं श्रेय पाण्यातलीला दिलंत. चालताना पायांचे स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढून घेतात, आणि त्यानंतरचे काही तास त्यांना इन्शुलिनचा हुकूम जास्त चांगला ऐकू येतो. हे पक्कं माहीत असलेलं शास्त्र आहे, त्यावर आढावे-प्रतिआढावे चाललेले नाहीत. त्या २२ पैकी कितीतरी तुमच्या पायांनी कमावलेले असतील. चालणं थांबवू नका. जमलं तर थोडं जेवणानंतरही चाला.

दालचिनीत काहीच नाही असंही नाही. २००७ मध्ये स्वीडनमध्ये १४ निरोगी माणसांना तांदळाच्या खिरीत ६ ग्रॅम दालचिनी घालून दिली, तेव्हा जठर रिकामं व्हायला जास्त वेळ लागला आणि जेवणानंतरची साखर कमी चढली. म्हणजे दालचिनी थोडा ब्रेक लावते खरी. पण तीसुद्धा जेवणात मिसळलेली असताना. तुम्ही घेत होतात रिकाम्या पोटी, कोमट पाण्यात. ब्रेक लावायला पुढे गाडीच नव्हती. शिवाय ६ ग्रॅम रोज म्हणजे कुमारिनच्या हिशेबात तुमच्या मर्यादेच्या तिप्पट.

यावर तुम्ही म्हणाल, मग सिलोन दालचिनी घेते, तिच्यात कुमारिन नाही. यकृताच्या बाजूने तुमचं बरोबर आहे. पण साखरेवरच्या बहुतेक चाचण्या झाल्या त्या कॅसियावर. जिच्याकडे थोडाफार पुरावा आहे ती रोज चमचाभर घेणं योग्य नाही, आणि जी घेणं तुलनेने निर्धास्त आहे तिच्याकडे पुरावा आणखीच कमी. चवीला हवी असेल तर जरूर सिलोन आणा. साखरेसाठी आणायची तर आधी आजचा गोंधळ निस्तरू द्या.

कॅप्सूलचं उत्तर हिशेबानेच देते. चार कॅप्सूल म्हणजे २ ग्रॅम. चमच्यासोबत घेतल्या तर साडेचार ग्रॅम, म्हणजे साडेतेरा मिलिग्रॅम कुमारिन, मर्यादेच्या दुपटीहून जास्त. बाटलीवर बघा: झाडाचं लॅटिन नाव दिलंय का? कुमारिन किती ते लिहिलंय का? नुसतं ‘दालचिनी साल’ असेल तर त्यांनी तुम्हाला काहीच सांगितलेलं नाही. ‘सत्त्व’ किंवा ‘अर्क’ असेल तर काय वाढलं आणि काय गाळलं गेलं हे तर देवालाच ठाऊक. पूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंना बाजारात येण्याआधी गुण सिद्ध करण्याची सक्ती औषधांसारखी नसते. पाठीमागे लहान अक्षरांत ‘हे कोणत्याही आजाराच्या उपचारासाठी नाही’ अशी ओळ बहुधा सापडेल. ती ओळ त्या बाटलीवरची सर्वांत प्रामाणिक ओळ असते.

बहिणीला वाईट वाटू नये म्हणून घ्याव्या लागतील असं असेल, तर सरळ माझं नाव सांगा.

यजमानांबद्दल मला जास्त काळजी आहे, आणि इथे एक गैरसमजही दूर करायला हवा. ‘दालचिनीत कुमारिन असतं, वॉरफेरिनही कुमारिनच्या कुळातलं, म्हणून दालचिनी रक्त पातळ करते’ असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. कुळ एक हे खरं, पुढचं नाही. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत गाई-गुरं रक्तस्रावाने मरायला लागली. ती स्वीट क्लोव्हर नावाचा चारा खात होती, आणि मरत होती ती बुरशी लागलेला चारा खाऊनच. चाऱ्यातल्या साध्या कुमारिनचं बुरशीने डायकुमारोल केलं होतं, आणि रक्त गोठू न देणारं ते हे नवं द्रव्य. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने ते शोधून काढलं. त्याच वाटेने पुढे वॉरफेरिन आलं, १९४८ मध्ये उंदीर मारायला आणि १९५४ मध्ये माणसाला वाचवायला. हो, तेच १९५४, ज्या वर्षी अमेरिकेने कुमारिनला अन्नातून हाकललं. साधं कुमारिन, जे तुमच्या डब्यात आहे, ते रक्त पातळ करत नाही.

मग यजमानांना का नको? कारण वॉरफेरिनची निर्गत यकृतातून होते, आणि त्याची मात्रा अतिशय चिंचोळ्या पट्ट्यात सांभाळावी लागते. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, थोडं वर गेलं तर रक्तस्राव, थोडं खाली आलं तर कृत्रिम झडपेवर गुठळी. अशा माणसाच्या यकृताला त्रास देण्याची शक्यता असलेलं काहीही रोज, औषधाच्या मापाने सुरू करायचं नसतं, मग ते रक्त पातळ करो वा न करो. जेवणात पडते तेवढ्याने काही होत नाही. चुकून त्यांनी आधीच सुरू केली असेल, तर लपवू नका. थांबवा, डॉक्टरांना कळवा आणि आयएनआर लवकर करून घ्या.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते: ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी तर असे प्रयोग स्वतःच्या मनाने करूच नयेत. तिथे साखर एकदम घसरण्याचा धोका असतो. नुसत्या मेटफॉर्मिनवर तो कमी असतो, त्या बाबतीत तुमचं नशीब बरं. आणि घरात लहान मूल असेल तर हिशेब आणखी आवळतो. पंधरा किलोच्या मुलाची मर्यादा दीड मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा ग्रॅम कॅसिया, मोठीशी चिमूट.

पुडीबद्दल आणखी एक. २०२३ च्या अखेरीस अमेरिकेत दालचिनी घातलेला फळांचा गर खाऊन शेकडो मुलांच्या रक्तात शिसं सापडलं. माग काढत गेल्यावर ते दालचिनीच्या पुडीत निघालं, शिशाबरोबर क्रोमियमही होतं, म्हणजे रंगासाठी कुणीतरी भेसळ केल्याचा दाट संशय. त्यानंतर तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने बाजारातल्या इतर काही दालचिनी पुडींबद्दलही इशारे दिले. तुमची पूड तशी असेल असं मी मुळीच म्हणत नाही. पण महिन्यातून दोनदा चिमूटभर वापरणाऱ्याला जी भेसळ जाणवणार नाही, ती रोज चमचाभर घेणाऱ्याच्या अंगात साठत जाते. अख्खी साल आणून घरी कुटलेली बरी. निदान काय कुटतोय ते दिसतं.

डबा फेकायला मी सांगत नाहीये. दालचिनी स्वयंपाकात वापरा, पूर्वी वापरत होतात तशी. गोड पदार्थात दालचिनी घातली की साखर थोडी कमी घातली तरी जिभेला कळत नाही. मधुमेहात दालचिनीचा हा उपयोग मला सगळ्यात भरवशाचा वाटतो, आणि त्याला कुठल्याही चाचणीची गरज नाही. फक्त तेलाच्या वाटेला जाऊ नका. दालचिनीचं तेल इतकं तीव्र असतं की तोंडाची आणि कातडीची आग होते, पोटात घ्यायची ती वस्तूच नव्हे.

राहिली डॉक्टरांची गोष्ट. ‘उगीच हसतील’ हे वाचून मी थोडी अस्वस्थ झाले. पेशंट सांगत नाहीत यात निम्मा दोष आमच्या बाजूच्या लोकांचा आहे. कुणीतरी कधीतरी हसलेलं असतं, आणि माणूस मग दहा वर्षं गप्प बसतो. पण हे लाजायचं प्रकरणच नाही. तोंडाने सांगायला जड जात असेल तर चिठ्ठी न्या. मीच लिहून देते, तुम्ही उतरवून घ्या:

‘पाच महिने रोज सकाळी सुमारे अडीच ग्रॅम दालचिनी पूड, बहुधा कॅसिया, पाण्यातून घेत होते. अमुक तारखेला थांबवली. एसजीपीटी ७१ आलं तेव्हा ती चालू होती. सोबत मेटफॉर्मिन आणि स्टॅटिन. पुन्हा तपासणी कधी करू?’

खाली औषधांच्या गोळ्यांची नावं आणि मिलिग्रॅम लिहा, आणि पुडीचं पाकीट व कॅप्सूलची न उघडलेली बाटली पिशवीत घालून घेऊन जा. तोंडी वर्णनापेक्षा लेबल बोलकं असतं. यावर कुणी हसलंच, तर तुम्ही गंभीर चेहऱ्याने शेवटचा प्रश्न पुन्हा विचारा.

एचबीए१सी ७.५ वर तुमच्यासाठी आणखी काय करता येईल हेही त्याच भेटीत विचारून घ्या. मेटफॉर्मिन ५०० दोनदा ही काही शेवटची पायरी नाही. मात्रा वाढवणं, दुसरं औषध जोडणं, आहार बदलणं, बरंच काही हाताशी आहे, आणि त्यातलं काय योग्य ते तुमची किडनी-यकृताची तपासणी समोर ठेवून तेच ठरवू शकतील. मी इथून ठरवू शकत नाही.

दोन महिन्यांनी नवा रिपोर्ट आला की आकडा कळवा. या वेळी पत्राच्या पहिल्या ओळीत.